शेवटचा ट्रे

2010 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या एका सरकारी मनोरुग्णालयात रात्रीच्या जेवणाला चिकन होतं. दुसऱ्या दिवशी 42 रुग्ण आणि 12 कर्मचारी पोट धरून बसले. उलट्या, कळा, जुलाब. चोवीस तासांच्या आत तीन रुग्ण दगावले. चौकशीत जे बाहेर आलं ते ऐकायला अगदी किरकोळ वाटतं: चिकन वाढण्याच्या सुमारे चोवीस तास आधी शिजवून ठेवलेलं होतं, आणि रुग्णालयाच्याच नियमांप्रमाणे ते थंड केलेलं नव्हतं.

थंड केलेलं नव्हतं! आपल्या डोक्यात अन्नाची सुरक्षितता म्हणजे ‘नीट शिजवलंय ना’ एवढंच असतं. अन्न शिजवण्याइतकंच त्याला थंड करणं हेही एक काम आहे, त्यालाही वेळेचं गणित आहे, हे सहसा कोणी शिकवत नाही.

चिकनमध्ये जो जंतू सापडला त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. तो मातीत असतो, जनावरांच्या आतड्यात असतो, आणि संकट आलं की बीजाणूचं कवच घेऊन बसतो. स्वयंपाकाच्या उष्णतेत इतर जंतू मरतात, याचे बीजाणू टिकतात. उलट उष्णतेचा धक्का बसला की ते जागे होतात. शिजलेल्या मांसात स्पर्धा करायला दुसरं कोणी उरलेलं नसतं, उकळण्याने प्राणवायूही निघून गेलेला असतो, आणि याला प्राणवायू नकोच असतो. भांडं हळूहळू निवत 45 अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की याची संख्या दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकते. दहा मिनिटंच धरून हिशेब करा: एकाचे दोन तासांत चार हजार, चार तासांत दीड कोटीच्या वर. मोठं पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं तर चार तास काही फार नाहीत.

बहुतेक धडधाकट माणसं या जंतूच्या विषबाधेतून एका दिवसात सावरतात. लुइझियानात तिघं का गेले? अहवालात एक बारीक नोंद आहे, ती या सगळ्या विषयाच्या मुळाशी नेते. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी आतड्यांची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठता होते. जे विष एरवी जुलाबावाटे निघून गेलं असतं ते या रुग्णांच्या आतड्यात रेंगाळत राहिलं. म्हणजे जुलाब हा त्रास खरा, पण तो शरीराचा बचावही होता, आणि औषधांनी तो काढून घेतला होता. चिकन सगळ्यांना एकच वाढलेलं होतं, पण ते खाणारी शरीरं एकसारखी नव्हती.

नर्सिंग होममध्ये तर प्रत्येक शरीर असं काही ना काही गमावून आलेलं असतं. अमेरिकेतलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं गल्लीतलं खासगी रुग्णालय नव्हे. जिथे वृद्ध माणसं महिनोन् महिने, वर्षानुवर्षं राहतात, ज्यांना उठवायला, भरवायला, औषध द्यायला दुसरं माणूस लागतं, ती संस्था. अशा सुमारे 15 हजार संस्था आहेत आणि त्यांत बारा लाखांहून जास्त माणसं राहतात. त्यातल्या अनेकांच्या जठरातलं आम्ल वयाने कमी झालेलं असतं, आणि उरलेलं ॲसिडिटीच्या गोळ्यांनी कमी केलेलं असतं. आम्ल ही जंतूंविरुद्धची पहिली चौकी. ती ओस पडली की ज्या मात्रेने तरुणाला काही झालं नसतं तेवढ्याने आजी आजारी पडते. शिवाय वास आणि चव मंद झालेली. ‘हे आंबलंय, मी नाही खाणार’ असं म्हणणारं नाकच काम करत नाही. आणि ज्याला स्मृतिभ्रंश आहे त्याला पोटात दुखतंय हे सांगताही येत नाही.

1985 च्या सप्टेंबरात कॅनडातल्या ओंटारिओमधल्या एका नर्सिंग होममध्ये ई. कोलाय जंतूच्या ओ157:एच7 या घातक जातीची साथ आली. 169 रहिवाशांपैकी 55 आजारी पडले, त्यातले 19 वारले, आणि 17 मृत्यू थेट या संसर्गामुळे झाले असं डॉक्टरांनी ठरवलं. संशय होता एका जेवणातल्या सँडविचवर. दोन वर्षांनी, 1987 च्या जुलैत, न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट बेटावरच्या दीर्घकालीन रुग्णांच्या रुग्णालयात 965 पैकी 404 जणांना साल्मोनेलाची बाधा झाली. नऊ जण गेले. तिथे कारण होतं कच्च्या अंड्यांचं मेयोनेज. रुग्णांना मीठ कमी द्यायचं म्हणून ते स्वयंपाकघरात मुद्दाम बनवलेलं. पथ्यापायी केलेला पदार्थच घात करून गेला. आज अमेरिकेत अशा संस्थांमध्ये अंडं कच्चं किंवा अर्धकच्चं द्यायचं असेल तर ते पाश्चराइज केलेलंच हवं असा दंडक आहे, त्यामागे अशा घटना आहेत.

आता आकड्यांकडे वळू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची अन्नसंहिता, तिथे तिला फूड कोड म्हणतात, 5 ते 57 अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा मानते. त्यांच्या फॅरनहाइटमध्ये 41 ते 135. पूर्वी वरची मर्यादा 140 फॅरनहाइट, म्हणजे 60 अंश होती, ती नंतर खाली आणली. गरम अन्न 57 च्या वर, थंड अन्न 5 च्या खाली, आणि मधल्या प्रदेशातून जायचंच असेल तर रेंगाळायचं नाही. चिकन आतून 74 अंशांपर्यंत शिजवायचं, खिमा 68 पर्यंत, मासा 63 पर्यंत. शिळं पुन्हा गरम करून वाढायचं तर पुन्हा 74.

थंड करण्याचा नियम यातला सगळ्यात शहाणा आहे. शिजलेलं अन्न 57 वरून 21 वर दोन तासांत आलं पाहिजे, आणि तिथून 5 वर यायला आणखी चार तास. एकूण सहा. सरळ सहा तास का दिले नाहीत? कारण 57 ते 21 या वरच्या टप्प्यातच जंतू सुसाट वाढतात. खालच्या टप्प्यात ते सुस्तावतात. घाई कुठे करायची आणि सवड कुठे द्यायची हे नियमातच बसवलेलं आहे. दोन तासांनंतर 21 गाठलं नसेल तर दोनच वाटा: ताबडतोब 74 पर्यंत गरम करून थंड करणं पहिल्यापासून सुरू करा, नाहीतर फेकून द्या.

शंभर माणसांचं सूप दोन तासांत 21 अंशांवर आणून बघा, मग यातली मेख कळते. पातेल्यातली उष्णता बाहेर पडते ती फक्त पृष्ठभागावाटे, आणि दाट पदार्थात थराची जाडी दुप्पट केली तर निवायला लागणारा वेळ दुप्पट नाही, चौपटीच्या आसपास जातो. म्हणून पातेलं तसंच्या तसं फ्रिजमध्ये ढकलणं हा उपाय नव्हे. मधला गाभा तासन् तास कोमट राहतो, आणि त्याच्या उष्णतेने शेजारचं दूधही तापतं. जाणते स्वयंपाकी सूप उथळ ट्रेमध्ये ओततात, बर्फाने भरलेली प्लॅस्टिकची जाड कांडी त्यात फिरवतात, भाजलेल्या मांसाचे तुकडे करून पसरतात, झाकण उघडं ठेवतात. पैसा असेल तिथे ब्लास्ट चिलर नावाचं यंत्र असतं, ते थंड वाऱ्याच्या झोताने हे काम करतं. सगळ्यात स्वस्त उपाय मात्र आदल्या दिवशी शिजवायचंच नाही हा आहे, आणि मनुष्यबळ कमी असलेल्या स्वयंपाकघरात नेमका तोच जमत नाही.

पुन्हा गरम करण्यावर आपला फार विश्वास असतो. परफ्रिंजन्सच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. वाढलेले जिवंत जंतू 74 अंशांना मरतात. पण भाताचं गणित वेगळं आहे, आणि रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते लक्षात ठेवावं. बॅसिलस सिरियस नावाचा जंतू तांदळात बीजाणूरूपाने असतो, शिजवण्यातून वाचतो, आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला तर उलटी करवणारं एक विष तयार करून ठेवतो. ते विष उष्णतेला दाद देत नाही. कढईत भात कितीही परतला, मोहरी तडतडली, हळद लागली, तरी विष जागेवर. फोडणीचा भात सोडायची गरज नाही. रात्रीचा भात थाळीत पसरून निववायचा आणि तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवायचा, एवढं पुरे.

स्वयंपाकघरातून पलंगापर्यंतचा प्रवास हा या कथेतला दुर्लक्षित भाग. नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरात दुपारी वाफेच्या टेबलावर, म्हणजे खाली वाफ खेळणाऱ्या खणांत, भाजी, मांस, बटाट्याचा लगदा मांडलेला असतो. वाढपी एका रांगेत उभे राहून ट्रे भरतात. प्रत्येक ट्रेवर चिठ्ठी: कोणाला मीठ कमी, कोणाला साखर नाही, कोणाचं अन्न वाटून द्यायचं. ताटलीखाली तापवलेली धातूची चकती, वर जाड घुमटासारखं झाकण. मग ट्रे गाडीत, गाडी लिफ्टमध्ये, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे गाडी थांबते. कारण जेवण द्यायचं ते परिचारिकेच्या हाताखालच्या साहाय्यकांनी, आणि ते त्या वेळी कोणाला तरी शौचालयातून परत आणत असतात. पहिला ट्रे गरम मिळतो. शेवटचा कधी मिळेल ते त्या मजल्यावर त्या दिवशी किती माणसं कामावर आहेत त्यावर अवलंबून.

म्हणून अनुभवी तपासनीस वाफेच्या टेबलाशी फार वेळ घालवत नाहीत. ते एक जादा ट्रे भरायला सांगतात, तो शेवटच्या गाडीत शेवटी ठेवायला लावतात, आणि मजल्यावरच्या सगळ्यांना जेवण मिळाल्यावर त्यात थर्मामीटर खुपसतात. मग चमच्याने चवही घेतात. याला तिथे टेस्ट ट्रे म्हणतात. एकच ट्रे, पण मला ही सबंध तपासणीतली सर्वांत प्रामाणिक चाचणी वाटते. स्वयंपाकी, लिफ्ट, गाडी, मनुष्यबळ, सगळ्यांची एकत्र परीक्षा त्यात होते. इथे नियमाची भाषाही बदलते. स्वयंपाकघरात प्रश्न जंतूंचा असतो, त्याला सरकारी नियमावलीत एफ-812 हा क्रमांक आहे. ट्रेवर प्रश्न असतो जेवण रुचकर आणि खाणाऱ्याला हव्या त्या तापमानाचं आहे का, त्याचा क्रमांक एफ-804. कोमट, ओशाळलेली भाजी कोणाला विषबाधा करेलच असं नाही, पण आजोबा ती खात नाहीत. वजन उतरतं, जखमा भरत नाहीत.

वाटलेल्या अन्नाची तर तऱ्हाच निराळी. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी सगळं मिक्सरमध्ये गुळगुळीत करावं लागतं. मिक्सरचं भांडं थंड, त्यात घातलेलं दूध किंवा रस्सा थंड, वाटताना हवा मिसळते, आणि 75 अंशांचं मांस बाहेर येतं तेव्हा 50 वर आलेलं असतं. शिवाय भांडं, पातं, चमचा, हात, सगळ्यांचा स्पर्श झालेला. म्हणून नियम असा की वाटताना तापमान 57 च्या खाली गेलं तर पुन्हा 74 पर्यंत न्यायचं आणि किमान 15 सेकंद तिथे ठेवायचं. सर्वांत अशक्त माणसाचं अन्न सर्वांत जास्त हाताळलं जातं, ही यातली खरी अडचण.

आणि उष्णता जास्त झाली तर? त्याच सरकारी नियमावलीत अपघातांच्या प्रकरणात एक तक्ता आहे. पाणी 60 अंशांचं असेल तर पाच सेकंदांत त्वचा पूर्ण जाडीपर्यंत भाजते. 68 अंशांना एक सेकंद पुरतो. 49 अंशांच्या पाण्यालाही पाच मिनिटं मिळाली तर तेच होतं. आता आठवा, गरम अन्न 57 च्या वर ठेवायचं आहे, आणि कॉफी तर यंत्रातून त्याहून खूप गरम निघते. थरथरणाऱ्या हातातला कॉफीचा पेला मांडीवर सांडला, कपडा चिकटला, माणसाला चटकन उठता आलं नाही, तर ती दुखापत विषबाधेपेक्षा लहान नाही. जंतूंसाठी तापमान वर हवं, त्वचेसाठी खाली. स्वयंपाकघर एका आकड्यावर समाधानी असतं, पलंगाशेजारच्या साहाय्यकाला मात्र दुसरा आकडा सांभाळावा लागतो. सहसा दोघांच्या नोंदवह्या एकमेकांना कधी भेटत नाहीत.

नोंदवही हा शब्द आला. अन्नाच्या तापमानाची लेखी नोंद ठेवायची ही कल्पना चंद्रावर जायच्या खटपटीतून आली, असं म्हटलं तर फार चूक नाही. 1960 च्या आसपास नासाला अंतराळवीरांसाठी शंभर टक्के निर्धोक अन्न हवं होतं. पिल्सबरी कंपनीतल्या हॉवर्ड बाउमन यांच्या चमूच्या लक्षात आलं की तयार अन्न तपासून खात्री करायची तर इतके नमुने फोडावे लागतील की अंतराळात न्यायला फारसं काही उरणारच नाही. मग त्यांनी उलट दिशेने विचार केला. कच्च्या मालापासून पाकिटापर्यंतच्या वाटेवर धोका कुठे शिरू शकतो ते शोधायचं, त्या जागा पक्क्या करायच्या, तिथे मोजमाप करायचं, आणि ते लिहून ठेवायचं. 1971 मध्ये ही पद्धत जाहीरपणे मांडली गेली. तिलाच पुढे हॅसॅप म्हणू लागले. नर्सिंग होममधला शंभर जणांचा रस्सा आणि अंतराळवीराचं पाकीट यांत एक गोष्ट समान आहे: खाऊन पाहिल्याशिवाय खात्री नाही, आणि खाऊन पाहायची सोय नाही. म्हणून कागद.

पण कागदाला विचारणारं कोणी लागतं. ब्रिटनमध्ये वेकफील्डच्या स्टॅन्ली रॉइड रुग्णालयात 1984 च्या ऑगस्टमध्ये, ऐन उकाड्यात, शिजवलेलं बीफ कित्येक तास फ्रिजबाहेर राहिलं. साडेचारशेहून जास्त रुग्ण आणि कर्मचारी साल्मोनेलाने आजारी पडले, 19 रुग्ण वारले, बहुतेक वृद्ध. तेव्हा सरकारी रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांना राजसत्तेचं कवच होतं. अन्नस्वच्छतेचा कायदा मोडला म्हणून त्यांच्यावर खटला भरताच येत नसे. चौकशी झाली, आणि 1987 मध्ये हे कवच निघालं. अमेरिकेतही त्याच सुमारास, 1987 च्या कायद्याने, नर्सिंग होमच्या तपासणीची आजची चौकट बसली. आता राज्याचे तपासनीस जास्तीत जास्त 15 महिन्यांत एकदा, न सांगता येतात. सापडलेल्या त्रुटी एका ठरावीक फॉर्मवर लिहिल्या जातात, त्यांना गांभीर्यानुसार ए ते एल अशी अक्षरं मिळतात, आणि दुरुस्तीचा आराखडा संस्थेला दहा दिवसांत द्यावा लागतो. अहवाल कोणालाही वाचता येतो. आईला कुठे ठेवायचं हे ठरवणारी मुलगी तो घरी बसून पाहू शकते.

मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर फ्रिजचा तक्ता लागतो, सकाळ-संध्याकाळचे रकाने. वाफेच्या टेबलाचा वेगळा, थंड करण्याचा वेगळा, भांडी धुण्याच्या यंत्राचा वेगळा. त्या यंत्रात शेवटचं विसळण्याचं पाणी 82 अंशांचं हवं, नाहीतर क्लोरीनचं प्रमाण दाखवणारी पट्टी बुडवून आकडा लिहायचा. थर्मामीटर स्वतः बरोबर आहे का याचीही नोंद. त्यासाठी पेला ठेचलेल्या बर्फाने भरून त्यात थोडं पाणी घालायचं आणि टोक बुडवायचं. काटा शून्यावर यायला हवा. उकळत्या पाण्याने तपासणं तितकं भरवशाचं नाही, कारण डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावात पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. तबकडीचा जुना थर्मामीटर फक्त टोकाशी मोजत नाही, दांडीचा बराचसा भाग मोजतो. पातळ माशाच्या तुकड्यात तो अर्धाच शिरतो आणि अर्धी खोलीची हवा मोजतो. आकडा लिहिला जातो तो मात्र माशाचा.

आणि आता या सगळ्यातली गोम. तपासनिसाच्या समोर महिन्याचा तक्ता येतो. तीस दिवस, रोज दोनदा, फ्रिज 3 अंश. एकही 2 नाही, एकही 5 नाही. खरा फ्रिज असा वागत नाही. त्याचं दार जेवणाच्या वेळी पन्नासदा उघडतं, सकाळी मालाची गाडी येते तेव्हा ते उघडंच असतं. साठही आकडे एकाच पेनाने, एकाच झुकावाने लिहिलेले असतात. कधी कधी तर उद्याचा रकानाही भरलेला सापडतो. कोऱ्या तक्त्यापेक्षा हा तक्ता वाईट, कारण कोरा निदान खोटं बोलत नाही.

लिहिणाऱ्याला लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. दुपारी बाराला एक स्वयंपाकी, एक मदतनीस, शंभर ट्रे. त्याला ठाऊक असतं की कोरा रकाना दिसला की त्रुटी लागते. वाईट आकडा लिहिला तर काय होईल याची त्याला खात्री नसते, कारण कोणी कधी सांगितलेलं नसतं. बरोबर आकडा लिहिला की मात्र नक्की काहीच होत नाही. अशा वेळी माणूस काय लिहील? जो तक्ता फक्त हजेरी मागतो त्याला हजेरीच मिळते.

चांगल्या तक्त्यात आकड्याच्या शेजारी आणखी एक रकाना असतो: काय केलं. दोन वाजता रस्सा 26 अंश. दोन ट्रेचे चार केले, बर्फात ठेवले? की 74 पर्यंत गरम करून पुन्हा सुरुवात केली? की टाकून दिलं, आणि त्याऐवजी काय वाढलं? सही, वेळ. असा एक चुकलेला आकडा आणि त्याखालची दोन वाक्यं मला तीस दिवसांच्या 3-3-3 पेक्षा जास्त भरवशाची वाटतात. ज्या स्वयंपाकघराच्या नोंदीत वर्षभरात एकदाही अन्न टाकलेलं दिसत नाही, तिथे जेवायला मी कचरेन. मुख्य म्हणजे नोंद वेळेची हवी. थर्मामीटर एका क्षणाचा आकडा सांगतो, जंतू तास मोजतात. सकाळी आठला 4 अंश आणि रात्री आठला 4 अंश असलेला फ्रिज मधल्या बारा तासांत दुपारभर बंद पडून पुन्हा सुरू झालेला असू शकतो.

यावर यंत्रांचा उपाय आलाच. फ्रिजमध्ये संवेदक बसवायचा, तो दर काही मिनिटांनी आकडा पाठवेल, मर्यादा ओलांडली की फोन वाजेल. दुपारभर बंद पडलेला फ्रिज याने पकडला जातो, हे मोठंच काम. पण संवेदक हवेचं तापमान मोजतो, आणि दार उघडलं की हवा लगेच तापते, दूध तापत नाही. फोन दिवसातून वीसदा वाजतो, आणि आठवड्याने कोणी बघेनासं होतं. म्हणून संवेदकाचं टोक ग्लिसरीनच्या बाटलीत बुडवून ठेवतात, म्हणजे ते अन्नाइतक्याच संथपणे तापतं. रस्शात थर्मामीटर खुपसायला मात्र अजून माणूसच लागतो.

काही धोके तर तापमानाच्या तक्त्यात मावतच नाहीत. लिस्टेरिया नावाचा जंतू 4 अंशांनाही वाढतो, हळू पण नक्की. त्याच्यासमोर फ्रिजचा अचूक तक्ता निरुपयोगी असतो, तिथे तारीख कामाला येते. म्हणून तयार अन्न 5 अंशांना ठेवलं तरी सात दिवसांच्या वर ठेवायचं नाही, आणि बनवलेला दिवस हा पहिला दिवस धरायचा. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत लिस्टेरियाची एक साथ जाहीर झाली. तोवर 38 रुग्ण, 37 रुग्णालयात, 12 मृत्यू, आणि आजारपणं मागे 2018 पर्यंत जाणारी. माग लागला तो गोठवलेल्या पौष्टिक शेकपर्यंत. वजन उतरलेल्या वृद्धांना मुद्दाम दिलं जाणारं ते पेय. बहुतेक रुग्ण नर्सिंग होममधले किंवा आजारी पडण्याआधी रुग्णालयात असलेले होते. जंतू कारखान्यातूनच आला होता. संस्थेच्या स्वयंपाकघरात सगळे आकडे बरोबर असतानाही हे घडू शकत होतं. तिथे नोंदीचा उपयोग एवढाच की कोणता खोका कधी आला आणि कोणाला दिला ते सांगता यावं.

शेवटी घरून येणारा डबा. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात एखाद्या मराठी घरातल्या आजी नर्सिंग होममध्ये असतील, तर रविवारी सून वरणभात, साजूक तूप, थोडी मऊ भाजी घेऊन जाणारच. तिथली वाफवलेली ब्रोकोली आजींच्या घशाखाली उतरत नाही. संस्था हे अडवू शकत नाही. बाहेरचं अन्न खाण्याचा रहिवाशाचा अधिकार नियमातच राखलेला आहे. त्याच नियमावलीत संस्थेने अशा अन्नासाठी लेखी धोरण ठेवावं असंही आहे: ते कसं साठवायचं, कसं हाताळायचं, कधी टाकायचं. त्यामुळे डबा आणणाऱ्या सुनेने साहाय्यकाला दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात. भात आज सकाळचा आहे की कालचा, आणि गाडीतून यायला किती वेळ लागला. उरलेल्या डब्यावर नाव आणि तारखेची चिठ्ठी लावून तो मजल्यावरच्या रहिवाशांच्या फ्रिजमध्ये जातो. ठरलेल्या मुदतीत खाल्ला नाही तर तो टाकतात, आणि आजींना त्याचं वाईट वाटतं. तेव्हा डबा लहानच न्यावा, एका जेवणापुरता.